कातळशिल्प खुर्चीत बसूनही दिसावं म्हणून

लेणं किंवा देऊळ समोर उभं असतं, त्यामुळे तिथे दारापर्यंत पोचलं की बरंचसं काम झालेलं असतं. कातळशिल्प, म्हणजे उघड्या सपाट खडकावर कोरलेलं चित्र, पायाखाली असतं. व्हीलचेअर सड्यावर (जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर) अगदी चित्राच्या कडेपर्यंत नेली तरी बसलेल्या माणसाला दिसतो तो भुरकट जांभा आणि त्यात कुठे कुठे एखादी रेघ. रॅम्प झाला, फोटो निघाले, पाटी लागली आणि आलेल्या माणसाला खडकात कोरलेला हत्ती काही दिसला नाही, असं होऊ शकतं. म्हणून ही माहिती वाटेपासून सुरू न करता नजरेपासून सुरू केली आहे.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ग्रामपंचायती, वाटाडे, घरगुती निवासवाले आणि सहली काढणाऱ्या संस्था यांच्यासाठी हे लिहिलं आहे. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत कोकणातली कातळशिल्पं गेली. त्यात रत्नागिरी तालुक्यातली उक्षी आणि जांभरूण, राजापूरकडची कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे, मालवण तालुक्यातलं कुडोपी आणि गोव्यातलं पणसायमळ आहे. येणाऱ्यांची संख्या वाढली की कुंपण, चौथरा, फलक ही कामं निघतातच. तेव्हाच मापं बरोबर धरली तर वेगळा खर्च फारसा पडत नाही. नंतर तोडून करायचं म्हटलं की मात्र पडतो.

नजरेचा हिशेब

व्हीलचेअरवर बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर असतात. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. जवळच्या कडेपासून दोन मीटर मागे खुर्ची थांबवली, तर पलीकडची कड २० मीटरवर येते आणि तिकडे बघताना नजर जमिनीशी जेमतेम साडेतीन अंशांचा कोन करते. जेवणाचं ताट डोळ्यांच्या रेषेत धरून त्यातली नक्षी बघावी तसं हे होतं. उभ्या माणसाचंही फार बरं नसतं, त्याला एखादा अंश जास्त मिळतो. म्हणजे उंच ओट्याची गरज सगळ्यांनाच आहे. फरक इतकाच की उभा माणूस इकडेतिकडे फिरून, वाकून, एखाद्या धोंड्यावर चढून वेळ मारून नेतो.

ओटा दीड मीटर उंच केला तर बसलेल्याचे डोळे २.७ मीटरवर जातात आणि तोच कोन पावणेआठ अंशांवर, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त होतो. चित्राच्या मध्यावर, अकरा मीटरवर, तो जवळपास चौदा अंश भरतो. पाऊण मीटरच्या ओट्यानेही फरक जाणवतो, पण कशेळीएवढ्या चित्राला तो अपुरा पडेल. दोन-तीन मीटरच्या एकट्या आकृतीला मात्र पाऊण मीटर पुरे.

ओटा बांधायच्या आधी सडा नीट फिरून बघा. सडा लांबून सपाट वाटतो, पण त्यात हात-दीड हाताचे उंचवटे असतात, कधी जुना गडगा (रचलेल्या दगडांची भिंत) किंवा बांध असतो. चित्राच्या बाजूला आयता उंचवटा मिळाला तर रॅम्प निम्मा वाचतो.

रॅम्पचं गणित असं. उतार १:१२ पेक्षा जास्त नको, म्हणजे १ मीटर चढायला १२ मीटर लांबी. दीड मीटरला १८ मीटर. दर ७५ सेंटिमीटर चढानंतर दीड मीटरचा सपाट टप्पा हवा, वर आणि खाली वळायला प्रत्येकी दीड मीटर. सगळं मिळून साडेबावीस मीटर. एका रेषेत जागा नसेल तर मधल्या टप्प्यावर वळवून परत आणा. मग तो टप्पा दोन्ही पट्ट्यांएवढा रुंद हवा, नाहीतर खुर्ची वळत नाही. रॅम्पची मोकळी रुंदी १.२ मीटर, दोन्ही बाजूंना कठडे, हाताला धरायचे दोन दांडे ७६ आणि ९० सेंटिमीटरवर, आणि चाक घसरून बाहेर जाऊ नये म्हणून कडेला ७.५ ते १० सेंटिमीटरची पट्टी. जागा असेल तर १:१५ करा. स्वतःच्या हातांनी खुर्ची चालवणाऱ्याला १:१२ जमतो, पण वर पोचेपर्यंत त्याच्या दंडात गोळे येतात.

आता कठडा. चौथरे बांधताना सगळ्यात जास्त चूक होते ती इथे. चिऱ्यांचा, म्हणजे जांभ्याच्या घडीव दगडांचा, ९० सेंटिमीटर उंच भरीव कठडा कोकणात फार छान दिसतो. पण त्याच्यामागे ६० सेंटिमीटरवर डोळे असलेल्या, खुर्चीत बसलेल्या माणसाला दीड मीटरच्या ओट्यावरून कठड्यापलीकडचे जवळपास पावणेपाच मीटर दिसतच नाहीत. छोटं चित्र असेल तर ते पूर्णच झाकलं जातं. ओटा नसेल आणि जमिनीवरच तेवढी भिंत असेल, तरी पलीकडचे १.८ मीटर जातात. म्हणून चित्राच्या बाजूचा कठडा उभ्या बारीक गजांचा हवा: गज १२ ते १६ मिलिमीटर जाडीचे, मधलं अंतर १० सेंटिमीटरपेक्षा कमी, वरचा दांडा ९० सेंटिमीटरवर. वरचा दांडा ११०-१२५ वर घेतला की तो बरोबर बसलेल्याच्या डोळ्यांसमोर येतो. आडवे पाइप टाळा, मुलं चढतात. उक्षीत हत्तीभोवती चिऱ्यांचं कुंपण आहे. अशा जागी भिंत पाडायची गरज नसते. ओटा भिंतीबाहेर उंच करून हिशेब पुन्हा मांडायचा.

ओटा कुठल्या दिशेला? शिल्प उठून दिसतं ते तिरप्या उन्हात, सकाळी साडेनऊच्या आत आणि दुपारी साडेचारनंतर. भर दुपारी कोरीव रेघांना सावली नसते, तेव्हा चांगली नजर असलेल्यालाही रेघ सापडत नाही, मग कमी दिसणाऱ्याचं विचारायलाच नको. पाहण्याच्या मोसमात, ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत, सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि सावल्या उत्तरेकडच्या बाजूला पडतात. ओटा दक्षिणेला बांधला तर त्याची, कठड्याची आणि वर उभ्या माणसांची लांब सावली सकाळ-संध्याकाळ चित्रावर येऊन पडते. सूर्य दहा अंशांवर असताना तीन मीटर उंचीची सावली सतरा मीटर लांब पडते. त्यामुळे ओटा चित्राच्या उत्तरेला घ्या. डोळ्यांवर ऊन येईल, त्यासाठी वर झापांचं किंवा पत्र्याचं छप्पर पुढे काढा. त्याची सावलीही मागेच पडेल.

कातळात भोक पाडायचं नाही

ओटा असो की वाट, बोल्ट मारायला खडकात ड्रिल चालवायचं नाही. जांभा सच्छिद्र असतो. भोकातून पाणी मुरतं, लोखंड गंजून फुगतं आणि खडक कपच्याकपच्यांनी सुटतो. ओट्याचा सांगाडा रुंद तळपट्ट्यांवर उभा करा, तळपट्टीखाली जाड रबर घाला आणि सांगाड्याच्या पायात चिरे रचून वजन द्या. लोखंड जस्तलेपित हवं. कशेळीसारख्या किनाऱ्याजवळच्या सड्यावर खाऱ्या वाऱ्याने नुसता रंग लावलेलं लोखंड लवकर पोखरतं.

परवानगीचं काम आधी करा. सड्याची जमीन बहुधा कोणाच्या तरी खाजगी मालकीची किंवा गावाची असते, त्यांची लेखी संमती लागते. जागा राज्य-संरक्षित असेल तर राज्य पुरातत्त्व विभागाकडे आराखडा द्यावा लागतो. केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती पहिल्या १०० मीटरमध्ये बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये नियंत्रण असतं. आराखडा देताना ‘तात्पुरता, उचलता येणारा, खडकाला न जोडलेला’ असं स्पष्ट लिहा आणि तसाच तो करा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आणि सार्वत्रिक सुलभतेच्या २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक मापदंडांचा उल्लेख अर्जात असू द्या. फक्त ते मापदंड प्रामुख्याने इमारती आणि शहरी जागा डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले आहेत. खडकाला धक्का न लावण्याचा भाग तुम्हालाच सांभाळायचा आहे.

वाट मोजायची कशी

महागडं उपकरण लागत नाही. १२० सेंटिमीटर लांबीची सरळ अॅल्युमिनियमची पट्टी घ्या, गवंड्याची पाणसळ आणि एक टेप. पट्टीचं एक टोक चढाच्या बाजूला टेकवा, पाणसळ लावून पट्टी आडवी करा आणि दुसऱ्या टोकाखालचं अंतर मोजा. १० सेंटिमीटर आलं तर उतार १:१२. ८ आलं तर १:१५. ६ आलं तर १:२०, म्हणजे नुसती वाट म्हणून चालेल, कठडे लागणार नाहीत. पट्टी वाटेला आडवी ठेवली तर बाजूचा कल कळतो, तो २.४ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. हा आडवा कल लोक मोजतच नाहीत. त्यापेक्षा जास्त कल असेल तर खुर्ची सतत एका बाजूला ओढली जाते आणि चालवणाऱ्याचा एकच हात दमतो. दर पाच मीटरला माप घ्या, कागदावर लिहा आणि गाडी थांबते तिथपासून ओट्यापर्यंतचं एकूण अंतरही.

मापं झाल्यावर व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसालाच बोलवा आणि त्याच्या कामाचे पैसे द्या. धडधाकट माणसाने रिकाम्या खुर्चीत बसून केलेल्या चाचणीतून फक्त खुर्ची किती हादरते तेवढं कळतं.

जांभ्याच्या पृष्ठभागाचा त्रास दोन तऱ्हेचा. एक, भोकं आणि खळगे. व्हीलचेअरची पुढची चाकं १५ ते २० सेंटिमीटर व्यासाची असतात, ती दोन-तीन सेंटिमीटरच्या खळग्यात अडकली की खुर्ची पुढे उलटते. दोन, सतत हादरे. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसाला बसल्या जागी संवेदना नसते आणि हादऱ्यांनी त्वचा घासून जखम होते. ती त्याला रात्री घरी गेल्यावर कळते.

त्यामुळे वाट झाकावी लागते. पण कशाने? मुरूम टाकू नका. रत्नागिरीत पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो मुरूम वाहून थेट कोरीव रेघांत जाऊन बसतो. काँक्रीटची वाट खडकाला कायमची चिकटते आणि तिच्या कडेने पाण्याचा ओघ बदलतो. चिऱ्यांची फरसबंदी दिसायला शोभते, पण चिरा घासून गुळगुळीत केल्याशिवाय चाकाला नीट नसतो आणि दोन-तीन पावसांनी त्यावर शेवाळ येतं.

सगळ्यात बरं पडतं ते उचलता येणारं फळ्यांचं जोडकाम. एक तक्ता दीड मीटर रुंद आणि १.२ मीटर लांब ठेवा, म्हणजे चार माणसांना उचलता येतो. फळ्या चालण्याच्या दिशेला आडव्या मारा. उभ्या मारल्या तर काठीचं टोक आणि पुढची चाकं फटीत जातात. फट ८ ते १० मिलिमीटर: कमी ठेवली तर पाणी साचून फळी कुजते, १२ च्या वर गेली तर कुबडीचं टोक अडकतं. खाली जुन्या टायरचे दीड सेंटिमीटर जाड तुकडे घाला आणि तक्ता डुलत असेल तर तुकडे वाढवून बसवा. दोन तक्त्यांच्या जोडावर उंचीचा फरक ५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. मोटरची खुर्ची आणि माणूस मिळून अडीचशे किलोपर्यंत जातात, पण तक्ता त्याहून मजबूत हवा, कारण सड्यावर म्हशी चरतात आणि म्हैस पाटी वाचत नाही. वाट ३० मीटरपेक्षा लांब असेल तर दर ३० मीटरला बाजूला सरकून थांबायची जागा आणि ४५ सेंटिमीटर उंचीचं, पाठ आणि हात असलेलं बाक द्या. चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना वाटेत इतर कशाहीपेक्षा हे बाक जास्त उपयोगी पडतं.

गुंडाळता येणाऱ्या चटईच्या वाटा समुद्रकिनाऱ्यावर चालतात, सड्यावर तितक्या नाही. खालचा प्रत्येक उंचवटा त्यातून वर येतो, खुंटी मारता येत नाही आणि वाऱ्याने कड उचलली की तीच पायात येते. एका दिवसाच्या सहलीसाठी हवीच असेल तर कडेला वाळूची पोती ठेवा. पोती फाटकी नकोत, का ते मुरुमाच्या बाबतीत सांगितलंच आहे. काथ्याची जाड चटई आपल्याकडे सहज मिळते, पण तिच्यात चाक रुततं. तक्त्याखाली आधार म्हणून ती चांगली.

गुरं आत येऊ नयेत म्हणून गडग्याला बेडं (आडव्या दांड्यांचं फाटक) असतं किंवा नागमोडी अरुंद फट ठेवलेली असते. त्या फटीतून खुर्ची, वॉकर, बाळाची गाडी काहीच जात नाही. तिथे एक मीटर मोकळ्या रुंदीचं, एका हाताने उघडणारं फाटक लावा. कडी जमिनीपासून ९० ते १०० सेंटिमीटरवर.

पणसायमळला प्रश्न वेगळा आहे. ती चित्रं कुशावती नदीच्या काठावर आहेत, पाऊस लागला की नदी त्यांच्यावरून जाते. तिथे पावसाळ्यात काहीही ठेवलं तर ते वाहून जाईल आणि जाताना खडकावर घासत जाईल. अशा जागी वाट आणि ओटा पुराच्या रेषेच्या वर थांबवायचा आणि खालचं चित्र प्रतिकृतीतून दाखवायचं.

हाताला दिसणारा हत्ती

अंध माणसाला ‘इथे हत्ती आहे’ असं सांगून उपयोग नाही. मूळ शिल्पावर सगळ्यांना चालू द्यायचं नाही हे ठरलेलं असलं, तर त्याच्यासाठी दोन वस्तू लागतात आणि त्या एकमेकींची जागा घेत नाहीत.

पहिली, रेघेचा खरा नमुना. साध्या चिऱ्यावर, प्रत्यक्ष चित्रातली एखादी रेघ जेवढी रुंद आणि खोल आहे तेवढीच छिन्नीने कोरून घ्या, हातभर लांबीची. यातून जांभ्याचा खरखरीतपणा आणि कोरण्याची मेहनत बोटांना कळते.

दुसरी, संपूर्ण आकृतीचं छोटं उठावाचं चित्र. हे मात्र चिऱ्यात करू नका. जांभ्याची नैसर्गिक भोकं आणि कोरलेली रेघ यांतला फरक बोटाला लहान प्रमाणात कळत नाही. बारीक पोताचा दगड, सागवान किंवा गुळगुळीत सिमेंट घ्या. १:२० प्रमाण धरलं तर कशेळीचा हत्ती ९० बाय ६५ सेंटिमीटरचा होतो, म्हणजे दोन हातांच्या कवेत बसतो. मूळ रेघ खोल असली तरी इथे ती उंचावलेली करा, दोन मिलिमीटर उंच आणि तीन रुंद, कारण बोट उंचावलेल्या रेघेवरून न चुकता चालतं. तसं केलंय हे सांगा मात्र. दोन रेघांमध्ये किमान सहा मिलिमीटर अंतर हवं. म्हणून हत्तीच्या पोटातल्या सगळ्या लहान आकृत्या यात घालायचा मोह टाळा. आधी नुसती बाह्यरेषा, मग चार-पाच ठळक आकृत्यांचे वेगळे पाटे मोठ्या प्रमाणात. कोपऱ्यात ८ सेंटिमीटरचा माणूस कोरा. १:२० मध्ये तो १६० सेंटिमीटर उंचीचा माणूस झाला. हाताने माणूस मोजून मग हत्तीवरून हात फिरवला की आकार आपोआप कळतो. उत्तर दिशेला एक खाच.

पाटा ठेवायचं टेबल ७५ ते ८० सेंटिमीटर उंच, खाली गुडघे जायला ७० सेंटिमीटर मोकळी उंची आणि ४८ सेंटिमीटर खोली, वरची बाजू थोडी तिरपी. धातूचा पाटा उघड्यावर ठेवू नका, मार्चमध्ये हात भाजतो. टेबल छपराखालीच हवं.

ब्रेल पट्टी मराठीत, भारती ब्रेलमध्ये करा आणि छापायच्या आधी मराठी ब्रेल वाचणाऱ्याकडून तपासून घ्या. उलटी लावलेली किंवा काचेआड ठेवलेली ब्रेल पट्टी ही थट्टाच. मोठेपणी दृष्टी गेलेल्या बऱ्याच जणांना ब्रेल येत नाही, म्हणून बोलकं वर्णनही लागतं. ते असं असावं:

‘तुम्ही ओट्यावर आहात, चित्र तुमच्या समोर दक्षिणेला, खाली जमिनीवर आहे. एसटीची बस जेवढी लांब, त्याच्या दीडपट लांबीचा हा हत्ती आहे. त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला साधारण चोवीस पावलं लागतील. हत्तीची फक्त बाहेरची रेघ कोरलेली आहे. त्या रेघेच्या आत लहानमोठ्या इतर आकृत्या आहेत.’

आधी जागा आणि दिशा, मग आकार, मग तपशील, आणि ‘याचा अर्थ काय असावा’ हे सगळ्यात शेवटी. वाटाडे नेमकं उलटं करतात, अर्थापासून सुरू करतात. ‘भव्य’, ‘अद्भुत’ हे शब्द काढून टाका, त्यांनी काहीच दिसत नाही. बारसूच्या चित्राचं वर्णन ‘मधे माणूस, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक वाघ’ असं सांगितलं की डोक्यात चित्र उभं राहतं. एका थांब्याला दीड-दोन मिनिटांपेक्षा जास्त ध्वनिफीत नको. सड्यावर मोबाईलची रेंज जाते-येते, त्यामुळे क्यूआर कोड गाडी थांबते तिथे लावा आणि फाईल उतरवून घ्यायला सांगा.

कमी दिसणाऱ्यांसाठी फलक गडद पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत, चकाकी नसलेला. बारीक वळणाच्या फाँटमध्ये अनुस्वार आणि रफार उन्हात विरून जातात, जाड वळण घ्या. रेघा उठून दिसाव्यात म्हणून चित्रात खडू, रांगोळी, गेरू काहीही भरायचं नाही, ‘एका फोटोपुरतं’ सुद्धा नाही.

ऐकू न येणाऱ्या पाहुण्यांसोबत भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी असेल तर त्याला आदल्या दिवशी चित्रांचे फोटो आणि शब्दांची यादी पाठवा. ‘कातळशिल्प’, ‘जांभा’, ‘सडा’ यांना आयत्या खुणा असतीलच असं नाही, त्या दुभाषी आणि पाहुण्यांनी मिळून ठरवाव्या लागतात. कार्यक्रम तासाभराहून मोठा असेल तर दोन दुभाषी, वीस-तीस मिनिटांनी पाळी बदलून. वाटाड्याने सूर्याकडे पाठ करून उभं राहू नये, चेहरा काळा पडतो आणि ओठ वाचता येत नाहीत. चित्राकडे बोट दाखवत असताना बोलूही नये: आधी दाखवा, थांबा, मग बोला. माणूस एका वेळी एकाच गोष्टीकडे बघू शकतो. कानाचं यंत्र लावणाऱ्यांना सड्यावरच्या वाऱ्याची घरघरच जास्त ऐकू येते, त्यांना छपराच्या आडोशाला घेऊन सांगा.

शौचालय

याच्यावर सहल ठरते, म्हणून वेगळं. सड्यावर बांधकाम करायचं नसतं, तेव्हा गावातली शाळा, ग्रामपंचायत किंवा देवळाची जागा बघा. दार ९० सेंटिमीटर मोकळं, बाहेर उघडणारं किंवा सरकतं, आतली जागा किमान १.७५ बाय २.२ मीटर, कमोडची बैठक ४५ ते ४८ सेंटिमीटरवर, भिंतीत पक्के दांडे. दोन पायऱ्या मिळून ३० सेंटिमीटर चढ असेल तर रॅम्प ३.६ मीटरचा लागतो. गाडीत मावणारा १.८ मीटरचा घडीचा रॅम्प तिथे लावला तर उतार १:६ होतो. त्यावरून फक्त मागे मदतनीस असतानाच जायचं आणि उतरताना खुर्ची उलटी करून. आणि जागा सामान ठेवायला वापरलेली नाही ना, किल्ली कोणाकडे आहे, हे आदल्या दिवशी बघा.

वर्षभराचा क्रम

मेअखेर तक्ते उचला, क्रमांक घाला, कोरड्या जागी ठेवा. ऑक्टोबरमध्ये गवत हाताने कापा, शेवाळ मऊ ब्रशने आणि साध्या पाण्याने काढा. तारेचा ब्रश, ब्लीचिंग, ॲसिड यांतलं काही नको. मग तक्ते क्रमाने लावून पट्टी-पाणसळ घेऊन सगळी मापं पुन्हा घ्या, खालचे रबर सरकलेले असतात. गवत वाळलं की वणव्याची भीती. तक्त्यांच्या दोन्ही बाजूंनी दोन मीटर गवत काढून ठेवा. ते तिथेच जाळू नका, आगीने जांभ्याचा पापुद्रा सुटतो आणि त्याच्याबरोबर रेघही जाते.

सहलीच्या दिवशी

एका अर्ध्या दिवसात एकच जागा. तीन सडे एका दिवशी करायचे म्हटलं की खुर्चीवरच्या माणसाचा निम्मा वेळ गाडीत चढण्या-उतरण्यात जातो. सकाळी साडेसातला जागेवर, साडेनऊला परत. मानेजवळ किंवा छातीच्या वरच्या भागात कण्याला इजा असलेल्यांना घाम नीट येत नाही, त्यांचं अंग लवकर तापतं. ओला टॉवेल, पाण्याचा फवारा आणि माणशी दोन लिटर पाणी ठेवा. एप्रिल-मेमध्ये खडकावर बसवू नका.

मदत करायच्या आधी विचारा. खुर्चीला हात लावणं म्हणजे माणसाच्या अंगाला हात लावण्यासारखं. तक्ते नसलेल्या भागातून जायचं झालं तर खुर्ची मागच्या चाकांवर तोलून, उलटी ओढत नेणं सोपं पडतं. तोलायच्या आधी ‘मागे घेतोय’ म्हणून सांगा. हात घालायचे दांडे पक्के आहेत का बघा, काही खुर्च्यांचे हात आणि पायाचे आधार ओढले की निघून येतात. पंप, जास्तीची ट्यूब आणि पाने बरोबर असू द्या. अंध पाहुण्याला तुमचा कोपर धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला, त्याला ढकलत नेऊ नका. काय करू नका हे सोबतच्या नातेवाइकांनाही सांगावं लागतं, ‘अहो, आम्ही रोज करतो’ असं उत्तर आलं तरी.

आणि येण्याआधीच खरी माहिती द्या. ‘दिव्यांगांसाठी सोय आहे’ या वाक्यातून काहीच कळत नाही. आकडे दिले की माणूस स्वतः ठरवतो. हा नमुना घ्या, त्यातले आकडे बदलून तुमच्या जागेचे घाला:

‘गाडी थांबते तिथून ओट्यापर्यंत १४० मीटर. त्यातले १०० मीटर फळ्यांची वाट, दीड मीटर रुंद. पुढचे ४० मीटर उघडा कातळ, दोन सेंटिमीटरपर्यंत खळगे, मदतनीस लागेल. ओट्याला १:१२ चा रॅम्प, मधे एक टप्पा. कठडा गजांचा, बसून चित्र दिसतं. हाताने बघायचं चित्र आणि ब्रेल पट्टी आहे. सावली फक्त ओट्यावर. शौचालय गावात, गाडीने दहा मिनिटं, दार ८० सेंटिमीटर, एक पायरी १५ सेंटिमीटर. वाट जून ते सप्टेंबर बंद. मापं ऑक्टोबरमध्ये घेतलेली.’